विजय वर्मा, कचरा आणि जब्या : आमची आवड कोणी घडवली?

भीमजयंतीच्या तयारीची बैठक विहारात सुरू होती. मिरवणुकीचा मार्ग, भोजनदान, वक्ता कोण, डीजे लावायचा की नाही यावर नेहमीप्रमाणे तासभर वाद झाला. मग तरुण पोरांनी एक प्रस्ताव मांडला. तेरा एप्रिलच्या रात्री विहारासमोर मोठा पडदा लावायचा आणि वस्तीला सिनेमा दाखवायचा. प्रस्ताव सगळ्यांना आवडला. पण कोणता सिनेमा? एकजण म्हणाला 'सैराट', दुसरा म्हणाला 'जय भीम', तिसऱ्याने मोबाईल काढून एका तेलुगू मारधाडपटाची झलक दाखवली. शेवटी एका पोराने आम्हाला विचारले, "दादा, तुमच्या टायमाला जयंतीला काय लावायचे?"

आम्ही सहज बोलून गेलो, "दीवार."

पोरे हसली. "जयंतीला दीवार? त्यात बाबासाहेब कुठं आहेत?"

प्रश्न बिनतोड होता. आम्हाला त्या क्षणी उत्तर देता आले नाही. घरी येऊनही तो प्रश्न डोक्यातून जाईना. खरेच, बाबासाहेबांच्या जयंतीला आम्ही 'दीवार' का पाहत होतो? आणि तो आम्हाला आमचा का वाटत होता? हा लेख म्हणजे त्या पोराला उशिरा दिलेले उत्तर आहे.

आपल्याकडे असे म्हणतात की सिनेमाची आवड ज्याची त्याची असते. आम्हाला हे पटत नाही. जेवणाची आवड जशी घरात काय शिजते यावर ठरते, तशी सिनेमाची आवडही ठरते. पहिला सिनेमा कुठे बसून पाहिला, शेजारी कोण होते, पडद्यावर आपल्यासारखे कोणी होते का आणि असल्यास त्याचे शेवटी काय झाले, यावर ती ठरते. म्हणून आधी आम्ही कुठे बसलो होतो ते सांगितले पाहिजे.

आमचे गाव मराठवाड्यातले. १९८७-८८ साली अख्ख्या गावात एकच टीव्ही होता, तोही एका मोठ्या वाड्यात. रविवारी सकाळी 'रामायण' आणि संध्याकाळी दूरदर्शनचा हिंदी सिनेमा. सगळा गाव त्या वाड्यात लोटायचा. ओसरीवर कोण, अंगणात कोण, हे कोणी कोणाला सांगावे लागत नसे. आमच्या वस्तीतली पोरे अंगणाच्याही बाहेर, बोळातल्या खिडकीशी उभी राहायची. टीव्ही खिडकीला तिरपा ठेवलेला होता. गज आणि माणसांची डोकी यांच्यामधून पडद्याची डावी बाजू तेवढी दिसायची. नायक उजवीकडे गेला की तो आमच्यापुरता सिनेमातून गेला. कधी आत गर्दी वाढली, कोणाला उजेडाचा त्रास झाला, की खिडकी लावून घेत. मग आम्ही बोळात उकिडवे बसून सिनेमा ऐकायचो. कितीतरी सिनेमे आम्ही आधी ऐकले आणि दहा-बारा वर्षांनी पाहिले. ऐकताना मनात उभी केलेली माणसे आणि पडद्यावरची माणसे यांचा मेळ बसला नाही, तेव्हा जरा वाईटही वाटले.

त्यानंतर १९९१ चा एप्रिल आला. बाबासाहेबांचे जन्मशताब्दी वर्ष होते. वस्तीने घरटी वर्गणी काढली आणि तालुक्याहून रंगीत टीव्ही आणि व्हीसीआर भाड्याने आणला. बैलगाडीतून गोधड्यांत गुंडाळून तो आला तेव्हा वेशीपासून आम्ही पोरे मागे पळत होतो. समाजमंदिरासमोर टेबल मांडले, त्यावर बाबासाहेबांचा फोटो, त्याच्या खालच्या बाजूला टीव्ही. पोत्यांच्या तळवटावर आम्ही सगळ्यात पुढे बसलो. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण पडदा दिसला, उजव्या बाजूसकट. रात्री उशिरा मागे वळून पाहिले तर गावातली काही पोरे अंधारात, आमच्या वस्तीच्या कडेला उभी राहून सिनेमा पाहत होती. आमच्या बाने त्यांना हाक मारली आणि पुढे बसायला जागा करून दिली. ही गोष्ट आम्ही मुद्दाम नोंदवतो, कारण त्या वाड्यात आम्हाला अशी हाक कधी आली नव्हती.

त्या रात्री तीन कॅसेट आणल्या होत्या. पहिली 'सुजाता', वस्तीतल्या एका गुरुजींच्या आग्रहाने. दुसरी 'दीवार', पोरांच्या आग्रहाने. तिसरी पहाटे व्हीसीआरमध्ये अडकली, ती कोणती होती ते आता आठवत नाही.

'सुजाता' हा बिमल रॉय यांचा १९५९ चा सिनेमा. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्याची मुलगी, नूतनने केलेली. घरातली बाई तिला मुलीसारखी म्हणते, मुलगी म्हणत नाही. बायका पदराने डोळे पुसत होत्या, आम्हीही रडलो. नूतनच्या अभिनयाला आजही तोड नाही. पण पुढे कळत्या वयात तोच सिनेमा पुन्हा पाहिला आणि अस्वस्थ झालो. सुजाता घरात स्वीकारली जाते कधी? त्या बाईचा जीव धोक्यात येतो, कोणाचेच रक्त जुळत नाही, सुजाताचे जुळते आणि ती रक्त देते तेव्हा. म्हणजे तोवर केलेले घरकाम, सोसलेले टोमणे, गिळलेले अपमान पुरेसे नव्हते. माणूस म्हणून मान्यता मिळवायला शेवटी अंगातले रक्त काढून द्यावे लागले. नागपूरच्या दीक्षाभूमीवर लाखो लोकांनी १४ ऑक्टोबर १९५६ रोजी कोणाच्याही घरात शिरण्याची परवानगी न मागता नवे घर बांधले होते. त्यानंतर तीन वर्षांनी आलेल्या या सिनेमात पावसात भिजणारी सुजाता गांधींच्या पुतळ्यापाशी आधार शोधते. बाबासाहेबांचा विचार या सिनेमाच्या आसपासही नाही.

ही रीत जुनी आहे. 'अछूत कन्या' १९३६ साली आला. अशोक कुमार आणि देविका राणी यांच्या या गाजलेल्या सिनेमात अस्पृश्य कस्तुरी शेवटी रेल्वेच्या फाटकावर जीव गमावते आणि मग तिची पूजा होते. त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी 'जातिसंहार' छापला. लाहोरच्या मंडळाला त्यांचे भाषण सोसले नाही म्हणून परिषद रद्द झाली आणि बाबासाहेबांनी ते स्वतःच्या खर्चाने पुस्तक म्हणून काढले. एकाच वर्षी एकीकडे आमच्या मुलीला पडद्यावर मारून तिचे स्मारक उभारले जात होते, तर दुसरीकडे आमचा माणूस जात मुळापासून कशी उखडायची ते लिहीत होता. आम्ही वाढलो ते पहिल्या गोष्टीवर. दुसरी वाचायला आम्हाला वयाची वीस वर्षे लागली.

आणखी एक आठवण याच धाग्यातली आहे. प्रेमचंदांच्या कथेवरचा सत्यजित राय यांचा 'सद्गती' आम्ही एकदा बासोबत टीव्हीवर पाहिला. ओम पुरींचा दुखी मुलीच्या सोयरिकीचा मुहूर्त काढायला ब्राह्मणाकडे जातो. ब्राह्मण त्याला वेठीला धरतो, उपाशीपोटी भला मोठा ओंडका फोडायला लावतो आणि ओंडका फोडता फोडता दुखी मरतो. आम्ही सुन्न होऊन बसलो होतो. बा सालगडी होता, उभे आयुष्य त्याने दुसऱ्याच्या शेतात काढले. तो सिनेमाभर एक शब्द बोलला नाही. शेवटी उठताना म्हणाला, "हातात कुऱ्हाड हाय, अन् लाकूडच काहून फोडायलाय ह्यो?"

सिनेमाची समीक्षा आम्ही नंतर पुष्कळ वाचली. राय यांची महानता आम्हाला मान्य आहे, त्यांचा संतापही खरा आहे. पण बाचा तो प्रश्न कोणत्याच समीक्षेत सापडला नाही. १९७८ साली नामांतराच्या वेळी आमच्या आजोळची घरे जळाली तेव्हा बा तिथे होता. जळत्या घरांतून लोकांनी धान्य, लेकरे आणि बाबासाहेबांचा फोटो कसा काढला, कोण अडवायला उभे राहिले, हे त्याने पाहिले होते. मुकाट्याने मरणारा माणूस त्याने कमी पाहिला होता, पडद्यावर मात्र तोच माणूस पुन्हा पुन्हा यायचा.

आता 'दीवार'कडे येऊ. १९९१ च्या त्या रात्री 'सुजाता' संपली तेव्हा वस्ती शांत होती. 'दीवार' सुरू झाला आणि सुरुवातीलाच तो प्रसंग आला. फुटपाथवर बूट पॉलिश करणारा लहान विजय. गिऱ्हाईक पैसे फेकते. पोरगा ते उचलत नाही, हातात द्यायला सांगतो. समाजमंदिरासमोर जो गलका झाला तो आजही कानात आहे. म्हातारी माणसे उठून उभी राहिली. का? कारण गावातल्या दुकानात आमच्या हातावर सुटे पैसे वरून टाकले जात. दुकानदाराचा हात आणि आमचा हात यांच्यात वीतभर अंतर राहायचे. नाणे कधी तळहातावर पडायचे, कधी मातीत. मातीत पडलेले आम्ही उचलायचो. त्या रात्रीनंतर वस्तीतल्या एका पोराने दुकानात पैसे मातीतून उचलायला नकार दिला. नाणे तिथेच ठेवून तो साखर न घेता परत आला. घरी मार खाल्ला, पण उचलले नाही. बैठकीतल्या त्या पोराला आम्ही हे सांगायला हवे होते. 'दीवार'मध्ये बाबासाहेबांचे नाव नव्हते, तरी आमच्या वस्तीने त्यातून जे उचलले ते बाबासाहेबांचेच होते.

दुसरी गोष्ट विजयच्या हातावरच्या गोंदणाची. बाप चोर असल्याचे इतरांनी जबरदस्तीने त्याच्या हातावर कोरलेले असते. त्याने काही केलेले नसते, तरी ते पुसता येत नाही. जातीची याहून सोपी व्याख्या आम्हाला त्या वयात कोणी सांगितली नव्हती.

पण मग त्याचे आडनाव काय? वर्मा. 'जंजीर'मध्ये विजय खन्ना, 'काला पत्थर'मध्ये विजय पाल सिंग, 'अग्निपथ'मध्ये विजय दीनानाथ चौहान. हा तरुण सारखा चिडतो, मार खातो, मारतो, गोदीत ओझी वाहतो, खाणीत उतरतो, चाळीत राहतो, आणि त्याचे आडनाव एकदाही कांबळे, वाघमारे किंवा साळवे नसते. काळ लक्षात घ्या. मुंबईत १९७२ साली दलित पँथर उभी राहिली. 'जंजीर' १९७३ चा. वरळीची दंगल जानेवारी १९७४ ची. 'दीवार' १९७५ चा. ज्या शहरात रस्त्यावर आमची पोरे लाठ्या खात होती, तुरुंगात जात होती, कविता लिहीत होती, त्याच शहरातल्या स्टुडिओत 'अँग्री यंग मॅन' जन्माला आला. कोणी जाणूनबुजून आमचा राग पळवला असे आमचे म्हणणे नाही. पडद्यापर्यंत पोहोचता पोहोचता त्या रागाचे आडनाव गळून पडले, एवढे मात्र दिसते. आडनाव गळाले की रागाचे कारणही गळते. मग तो राग बापाच्या बदल्याचा होतो, स्मगलरच्या टोळीचा होतो आणि शेवटी आईच्या मांडीवर मरतो.

आडनावाचा विषय निघालाच आहे तर एका मराठी सिनेमाबद्दल बोलले पाहिजे. १९८८ चा 'अशी ही बनवाबनवी' महाराष्ट्रात कोणाला आवडत नाही? आम्हालाही आवडायचा, संवाद पाठ होते. चार मित्र पुण्यात भाड्याची खोली शोधतात. घरमालकिणीला फक्त जोडपी हवी असतात, म्हणून दोघांना बायकांचे सोंग घ्यावे लागते. पोट धरून हसलो आम्ही.

मग १९९९ साली शिकायला पुण्यात आलो आणि खोली शोधायला निघालो. एका पेठेत एका आजींनी आम्हाला बसवून चहा दिला. गाव विचारले, शिक्षण विचारले, वागणे आवडल्याचे सांगितले. खोली दाखवली. मग आडनाव विचारले. त्यानंतर त्यांना अचानक आठवले की पुढच्या महिन्यात त्यांचा भाचा राहायला येणार आहे. दुसऱ्या घरी कोणाचा तरी पुतण्या येणार होता. तिसऱ्या घरी भाड्याचा आकडा दारातच दुप्पट झाला. आमच्यासोबतच्या एका मित्राने शेवटी गावाच्या नावाला 'कर' जोडून नवे आडनाव घेतले आणि त्याला खोली मिळाली. दोन वर्षे तो त्या नावाने राहिला. बाबासाहेबांचा फोटो पेटीत कपड्यांच्या खाली. सहा डिसेंबरला तो 'गावी जातो' असे सांगून चैत्यभूमीला जायचा. आम्ही त्याच्या खोलीवर गेलो की दारात 'जय भीम' म्हणायचे नाही, असा नियम होता.

'बनवाबनवी'तली सोंगे सिनेमाच्या शेवटी उतरतात, सगळ्यांची लग्ने जुळतात. आमच्या मित्राचे सोंग उतरले तेव्हा त्याला आठ दिवसांत खोली सोडावी लागली. आज तो एका सरकारी खात्यात अधिकारी आहे. तो सिनेमा टीव्हीवर लागला की तो अजूनही चॅनेल बदलतो. हा सिनेमा वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. पण मराठी माणसाच्या सगळ्यात लाडक्या सिनेमाचा विषय पुण्यात खोली न मिळणे हा असावा आणि त्यात जात हा शब्द कुणाला आठवूही नये, याला काय म्हणायचे?

त्याच सुमारास जब्बार पटेल यांचा 'डॉ. बाबासाहेब आंबेडकर' आला. मामुट्टींना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला होता. सिनेमा चित्रगृहात यायला २००० साल उजाडले आणि तामिळमध्ये पडद्यावर यायला तर २०१०. तालुक्याच्या टॉकीजमध्ये तो लागला तेव्हा आम्ही मायला घेऊन गेलो. ती कधी टॉकीजमध्ये गेली नव्हती. आत शिरताना तिने दारातच चपला काढल्या. आम्ही म्हणालो, "माय, इथं चपला चालतात." ती म्हणाली, "तुला चालत असतील." तिच्यामागे आणखी पाच-सहा बायकांनी चपला काढल्या. रमाईच्या मृत्यूचा प्रसंग आला तेव्हा टॉकीजभर हुंदके होते.

आम्हाला त्या दिवशी दोन गोष्टी एकदम वाटल्या. एक, आमच्या मायने पहिल्यांदा असा पडदा पाहिला, ज्यावर तिच्या घरचा माणूस नायक होता, तो मरत नव्हता, रक्त देत नव्हता, तर वाद घालत होता, कायदा लिहीत होता. ॲटनबरोंच्या 'गांधी'त शोधूनही न सापडणारा माणूस इथे तीन तास समोर होता. दुसरी गोष्ट, माय पडद्याला हात जोडत होती आणि महाडचा पाण्याचा प्रश्न, पुणे करार, हिंदू कोड बिल हे सारे तिच्या डोक्यावरून जात होते. परत येताना एसटीत आम्ही तिला हिंदू कोड बिल म्हणजे काय ते सांगितले. मुलीलाही बापाच्या जमिनीत वाटा मिळावा, हे त्यात होते, एवढे ऐकून ती म्हणाली, "मंग हे पिक्चरात नीट का नाई सांगितलं?" सिनेमात ते होते, पण हात जोडलेल्या माणसाला ऐकू कमी येते. भक्तीचा हा धोका आपल्या चळवळीला नवा नाही.

२००१ मध्ये 'लगान' आला. देशभर टाळ्या. त्यात एक अस्पृश्य पात्र आहे, त्याचे नाव कचरा. हात अधू आहे आणि त्या अधूपणामुळेच त्याचा चेंडू वळतो. नायक भुवन त्याला संघात घेतो, गाव विरोध करते, भुवन भाषण देतो, गाव विरघळते. आमच्या गावात तेव्हा एक पोरगा चांगली फिरकी टाकायचा, आमच्याच वस्तीतला. सिनेमा आल्यानंतरच्या दिवाळीच्या सामन्यांत गावातल्या पोरांनी त्याला 'कचरा' म्हणायला सुरुवात केली. प्रेमानेच म्हणतो, असे म्हणाले. त्याने विकेट काढली की 'कचरा, कचरा' असा घोष व्हायचा. हंगाम संपायच्या आत त्याने गावच्या संघात खेळणे सोडले. आम्ही तेव्हा त्याला समजावले, की सिनेमा चांगला आहे, तुझीच बाजू घेतलीय. आज त्याची लाज वाटते.

कारण आम्हाला तेव्हा पाळवणकर बाळू माहीत नव्हते. 'लगान'ची गोष्ट १८९३ ची. त्याच दशकात पुण्यात चांभार समाजातला हा तरुण गोऱ्या साहेबांना नेटमध्ये तासन्तास गोलंदाजी करत होता. डावखुरी फिरकी त्याने घाम गाळून, सरावाने कमावली होती, शरीरातल्या व्यंगाने दिलेली नव्हती. हिंदूंच्या संघात तो खेळायचा, पण चहाच्या वेळी त्याला बाहेर, वेगळ्या भांड्यात चहा मिळायचा. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात त्याने शंभराहून अधिक बळी घेतले. तरुणपणी बाबासाहेबांना त्याचा अभिमान होता. पुढे १९३७ च्या निवडणुकीत तो बाबासाहेबांच्याच विरोधात उभा राहून हरला, हाही इतिहास आहे आणि तो आपण लपवू नये. आता सांगा, खरा बाळू उपलब्ध असताना सिनेमाला कचरा का लागला? कारण बाळूला कोणी भुवन लागत नाही. बाळूची गोष्ट सांगायची तर तो कर्णधार का झाला नाही, हे सांगावे लागते.

समांतर सिनेमाने आम्हाला डोळे दिले, हे मान्य केले पाहिजे. श्याम बेनेगलांचा 'अंकुर' (१९७४) आणि गोविंद निहलानींचा 'आक्रोश' (१९८०) आम्ही कॉलेजात पाहिले. 'आक्रोश'मधला आदिवासी लहान्या भिकू सिनेमाभर बोलत नाही, बोलतो तो त्याचा वकील कुलकर्णी. ते मौन अंगावर येते. खैरलांजीनंतर आम्ही तो सिनेमा पुन्हा लावला आणि अर्ध्यात बंद केला. खैरलांजीनंतर आपली माणसे गप्प बसली नव्हती. गावोगाव रस्त्यावर उतरली, गुन्हे अंगावर घेतले. आमच्या मौनावर एवढा सुंदर सिनेमा निघतो, आमच्या बोलण्यावर का निघत नाही, हा प्रश्न त्या दिवशी पडला.

'अंकुर'च्या शेवटी एक लहान मुलगा जमीनदाराच्या खिडकीवर दगड मारतो. चाळीस वर्षांनी, फेब्रुवारी २०१४ मध्ये, नागराज मंजुळेंच्या 'फँड्री'त कैकाडी जब्याने दगड उचलला आणि तो थेट आमच्या, म्हणजे प्रेक्षकाच्या तोंडावर आला. टॉकीजमध्ये आमच्या पुढच्या रांगेतली काही माणसे अवघडून उठली. डुकराचा पाठलाग ऐन रंगात असताना राष्ट्रगीत सुरू होते आणि अख्खे कुटुंब जागच्या जागी उभे राहते, डुक्कर निघून जाते. पुढे तेच डुक्कर खांद्यावर घेऊन ते शाळेच्या भिंतीजवळून जातात आणि भिंतीवर बाबासाहेब, सावित्रीमाई रंगवलेल्या आहेत. एकही शब्द नाही. वाड्याच्या खिडकीतून अर्धा पडदा पाहिलेल्या माणसानेच हे चित्र टिपावे, असे आम्हाला वाटले.

मग वाट मोकळी झाली. चैतन्य ताम्हाणेंच्या 'कोर्ट'मध्ये लोकशाहीर नारायण कांबळे आला. होय, कांबळे! आणि ती भूमिका केली नागपूरच्या वीरा साथीदारांनी, जे स्वतः चळवळीतले होते. २०२१ च्या एप्रिलमध्ये, जयंतीच्या आदल्या दिवशी, कोरोनाने त्यांना नेले. आनंद पटवर्धनांनी चौदा वर्षे खपून 'जय भीम कॉम्रेड' केला. रमाबाई नगरात ११ जुलै १९९७ रोजी पोलिसांच्या गोळीबारात मेलेली दहा माणसे आणि त्या दुःखात जीव देणारे शाहीर विलास घोगरे त्यामुळे विसरता येणार नाहीत. दक्षिणेतून पा. रंजित आले. त्यांच्या 'काला'त धारावी आमची आणि खलनायकाचे आडनाव अभ्यंकर! मारी सेल्वराज यांच्या 'परियेरुम पेरुमाळ'च्या शेवटी दोन चहाचे ग्लास शेजारी ठेवलेले दिसतात. कोणी रक्त दिलेले नाही, कोणी कोणाला माफ केलेले नाही, फक्त बरोबरीने बोलायची अट घातलेली आहे. आम्हाला त्या ग्लासांत पाळवणकर बाळूचे वेगळे भांडे आठवले.

इथवर इतरांना जाब विचारला. आता आपल्याला. 'सैराट' २९ एप्रिल २०१६ ला आला. त्याआधी दोन वर्षे, २८ एप्रिल २०१४ ला, नगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात सतरा वर्षांच्या आपल्या पोराला वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो म्हणून मारून टाकले होते. नोव्हेंबर २०१७ मध्ये आरोपी निर्दोष सुटले. त्या दिवशी आपल्या किती पोरांच्या मोबाईलवर 'सैराट'ची गाणी वाजत होती आणि किती जणांना तो निकाल माहीत होता? आणखी टोचणारे विचारतो. 'सैराट'च्या शेवटी रडलेल्या आपल्या किती घरांत मुलीचे स्थळ पोटजात पाहून ठरते? बौद्ध असूनही मातंग, चर्मकार सून चालेल का, या प्रश्नावर किती घरे गप्प होतात? आमच्याच नात्यातल्या एका मुलीने मातंग मुलाशी लग्न केले तेव्हा दोन वर्षे तिला माहेर बंद होते. ज्यांनी बंद केले, त्यांनी 'फँड्री' आमच्यासोबत पाहिला होता. आम्ही तेव्हा वाद घातला, पण तिच्या दारात जायला आम्हालाही सहा महिने लागले. हे लिहिल्याशिवाय हा लेख प्रामाणिक होणार नाही.

म्हणून मित्रांनो, कोणता सिनेमा लावायचा याहून तो पाहून आपण काय करणार, हा प्रश्न मोठा आहे. नाव 'जय भीम' आहे म्हणून सिनेमा आपला होत नाही आणि नाव 'दीवार' आहे म्हणून परका होत नाही. 'जय भीम' जरूर पाहा, पण त्यातला वकील पाहून शिट्ट्या मारताना शेवटी त्याच्यासमोर पायावर पाय टाकून पेपर वाचणारी ती चिमुकली विसरू नका. सिनेमाची खरी नायिका ती आहे.

जयंतीच्या बैठकीत आम्ही आता एवढेच सुचवणार आहोत. पडदा लावा, सिनेमा 'फँड्री' लावा. संपल्यावर लगेच दिवे मालवून घरी जाऊ नका. अर्धा तास बसा. आधी बायकांना आणि लहान पोरांना बोलू द्या. माणूस मेला का जगला, तो स्वतः बोलला की त्याच्या वतीने दुसरा बोलला, त्याला आडनाव होते का, आणि आपल्या घरात यातले काय घडते, एवढे विचारा. आणि शेजारच्या मातंग वस्तीला, कैकाडी पालावर आणि गावातही आमंत्रण द्या. कोणी अंधारात कडेला उभे राहिले, तर १९९१ साली आमच्या बाने मारली तशी हाक मारा आणि पुढे बसायला जागा द्या.

जय भीम!